सर्टिफिकेट कुणाला पाहिजे?

परवा एका मित्राने विचारलं, "बँक्सीचं चित्र खरं की खोटं हे ठरवणं एवढं अवघड का? तुम्ही आयटीवाले डिजिटल सिग्नेचर का देत नाही?" देता येते की राव! नाव न सांगताही सही पटवता येते. प्रश्न तंत्राचा नाहीच.

बँक्सीची पेस्ट कंट्रोल ही संस्था २००८ पासून प्रिंट, कॅनव्हास वगैरेंना सर्टिफिकेट देते. रस्त्यावरच्या चित्रांना मात्र नाही. यावर व्यापारी बोंब मारतात: मनमानी, मक्तेदारी इत्यादी. माझ्या मते हा नकार शंभर टक्के बरोबर. २०१३ मध्ये लंडनच्या वुड ग्रीनमधलं 'स्लेव्ह लेबर' भिंतीतून कापून थेट मायामीच्या लिलावात पोचलं. आरडाओरडा झाला, तिथून मागे घेतलं, आणि जूनमध्ये लंडनमध्येच विकलं! कागद नसताना ही गत. कागद दिला तर गल्लोगल्ली छिन्नी-हातोडा.

"मग नकली चित्रांचं काय?" अरे, भिंत विकायचीच नसेल तर फसणार कोण?

मी मंगळवार पेठेतला. आमच्याकडे दुकानाच्या पाट्या पेंटर रंगवायचे, कोपऱ्यात बारीक सही. सही नसली तरी 'ळ'चा फराटा बघून जुनी माणसं पेंटर ओळखायची. (याच कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे मिळून रंगवले. कुठला फटकारा कुणाचा, काढा बघू सर्टिफिकेट!) आता फ्लेक्स आलाय, जुना पत्रा भंगारात जातो. उद्या त्या पत्र्याला भाव आला की हेच व्यापारी कागद घेऊन पेठेत येतील, आणि 'ळ' ओळखणारं कुणी उरलेलं नसेल.