‘वाढत्या अंगाची’ सायकल

मुलीचा फ्रॉक वाढत्या अंगाचा शिवावा, हे आपल्या आयांनी आपल्याला शिकवलं. सायकलही तशीच घ्यायची, हे मात्र मला पटत नाही. फ्रॉक ढगळ झाला म्हणून कुणी रस्त्यात पडत नाही!

पाचवी-सहावीतल्या पोरीला २६ इंची लेडीज सायकल घेतात. का, तर दहावीपर्यंत बघायला नको. पाय टेकत नाहीत. मग थांबायचं म्हटलं की ती बिचारी दगड नाहीतर ओटा शोधते. अचानक समोर म्हैस आडवी आली तर?

माझ्या भाचीचं असंच झालं. तेव्हा एका दुकानदाराने उपाय काढला, ‘‘ताई, २४ ची चाकं टाकून देतो, सायकल खाली येईल.’’ आली ना, पण किती? चाकाचा व्यास दोन इंचांनी कमी झाला तरी सायकल एकच इंच खाली येते. त्यासाठी दोन रिमा, टायर, ट्यूब एवढा खर्च. आणि ब्रेक? ते होते तिथेच. रिम इंचभर आत सरकली, त्यामुळे ब्रेकची रबरं टायरलाच घासायला लागली. पायडलही खाली आलं, वळताना जमिनीला खरडू लागलं. चाकाच्या दर फेऱ्याला सहा इंच अंतर कमी, म्हणजे शाळा तेवढीच लांब आणि पायडल जास्त मारायचं. (चढावर ते बरं पडतं, खोटं कशाला बोलू?) पण ब्रेक न लागणारी बुटकी सायकल घेऊन करायचं काय?

मैत्रिणींनो, ही बाब वाटते तेवढी किरकोळ नाही. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात झाली आणि हायस्कुलात जाणाऱ्या मुली वाढल्या. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळाल्या. शाळा लांब असली की मुलीचं शिक्षण कशावर अडतं, ते आपल्याला ठाऊक आहे. दोनदा पडलेली मुलगी तिसऱ्यांदा सायकलला हात लावत नाही. मग ‘तिला जमतच नाही’ म्हणत सायकल धाकट्या भावाकडे जाते. तिच्या मापाची नव्हती, हे कुणी म्हणत नाही.

आधी सीट पूर्ण खाली घेऊन बघा, बरेचदा तेवढ्यानेच भागतं. तरीही बसल्याजागी दोन्ही पायांचे चवडे टेकत नसतील, तर सरळ २४ किंवा २२ इंची घ्या, तीही तिरक्या दांडीची. जुनी मिळाली तरी चालेल, मोठी झाल्यावर विकता येते. पाच फुटांच्या आतल्या बायकांनीही लाज न बाळगता २४ ची मागावी. दुकानदार हसला तर हसू दे.

आणि हो, सायकल घ्यायला मुलीला सोबत न्या. शाळेच्या चपला घालूनच.