ब्रह्मा नावाची कोंबडी

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतील बचत गटाच्या भगिनी आमच्याकडे आल्या. बाजारात एकाने त्यांना पायांवर पिसे असलेली धिप्पाड कोंबड्यांची जोडी दाखविली होती. नाव ‘ब्रह्मा’. "दादा, कोंबडा पाच किलोचा होतो म्हणे. गटाचं कर्ज यात घालू का?" आम्ही म्हटले, आधी हिशेब, मग कर्ज.

या नावाला भुलू नका. ब्रह्मपुत्रेवरून ते पडले, पण अमेरिकेत. १८४० च्या दशकात चीनच्या शांघाय बंदरातून तिकडे गेलेल्या मोठ्या कोंबड्यांपासून ही जात झाली. पुढे १९३० च्या सुमारापर्यंत मांसासाठी तिकडे हिचाच बोलबाला होता. तुरा लहान, अंगावर दाट पिसे. त्यामुळे बर्फाच्या थंडीतही ती टिके आणि हिवाळ्यात अंडी देई.

जॉर्ज बर्नहॅम या व्यापाऱ्याने १८५२ मध्ये अशा नऊ कोंबड्या इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीला भेट पाठविल्या. लोकांना कोंबड्यांचे वेडच लागले, भाव आकाशाला भिडले. मग बाजार कोसळला. १८५५ मध्ये याच बर्नहॅमने त्या वेडाची थट्टा करणारे पुस्तक लिहिले! विकणारा हसला, घेणारे बसले.

आता आपला हिशेब. कोंबडा साडेपाच किलोच्या आसपास भरतो, कोंबडी सव्वाचार. पण हे जिवंत वजन. पिसे, आतडी काढल्यावर ते बरेच घटते. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो. ब्रह्माची आधी हाडे वाढतात, मग मांस धरते, त्यात कित्येक महिने जातात. तोवर दाणा रोज लागतो आणि कर्जाचा हप्ता दर महिन्याला. शिवाय आपल्याकडच्या पावसात पायांच्या पिसांना चिखल चिकटतो. जागा कोरडी नसेल तर दुखणे आलेच.

पक्षी वाईट नाही. स्वभावाने गरीब, पोरांच्या अंगाखांद्यावर खेळेल. हौस म्हणून, पदरच्या पैशाने एक जोडी पाळावी.

भगिनींनी तेच ठरविले. कर्जातून परसात वाढणारी वनराजाची पिल्ले आणली. ही जात हैदराबादच्या सरकारी संशोधन केंद्राने अशाच घरांसाठी तयार केली आहे. ब्रह्माची जोडी एका ताईंनी स्वतःच्या पैशाने घेतली. तिचा दाणा त्या वेगळ्या वहीत लिहितात. ती वही पाहून आम्हाला फार बरे वाटले.