दाऊदमियाँचं घर कुठे आहे?

शाळेच्या स्नेहसंमेलनात अफझलखान कोण होणार, हा प्रश्न आमच्या वर्गांत कधी फार रेंगाळला नाही. "तू आहेसच की," म्हणून बाई मोकळ्या होत. दाढी चिकटवायची, पोटाला उशी बांधायची, गडगडाटी हसायचं आणि मरायचं. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता आणि खानाचा वकील होता कृष्णाजी भास्कर, हे आम्हांला फार उशिरा आणि स्वतःच वाचून कळलं. त्या संमेलनात सिद्दी इब्राहिमची भूमिकाच नव्हती. असती तर खेळ बिघडला असता. कुणासाठी टाळ्या वाजवायच्या आणि कुणावर दात खायचे, याचा प्रेक्षकांत घोळ झाला असता.

साचेबंद पात्राची सोय असते ती हीच. लेखकाचे कष्ट वाचतात. टोपी, सुरमा, पानानं रंगलेले ओठ आणि एखादं "या अल्ला" एवढं दिलं की उरलेलं पात्र प्रेक्षक घरूनच घेऊन आलेला असतो.

दोन तासांच्या नाटकात प्रत्येकाची कुंडली मांडता येत नाही, असं नाटककार मित्र आम्हांला ऐकवतात. कबूल. तमाशातली मावशी आणि सोंगाड्या हेही साचेच आहेत. पण सोंगाड्या राजाची टर उडवतो आणि मावशी वाट अडवणाऱ्या प्रत्यक्ष कृष्णालाच प्रश्न विचारते. त्या साच्यांना तोंड आहे. आमच्या मियाँभाईला तोंड मिळतं ते "हमकू-तुमकू"पुरतं. कोकणातला आमचा माणूस घरात कोकणी बोलतो. सोलापूरकडचा घरी दखनी बोलला तरी बाजारात अस्सल मराठीतच भांडतो. सगनभाऊ आणि अमर शेख यांच्या शाहिरीवर पोसलेल्या भाषेच्या रंगभूमीवर मुसलमान आला, की नेमकं त्याचंच मराठी का मोडतं?

हे केवळ गल्लाभरू नाटकांचं दुखणं असतं तर आम्ही एवढी शाई खर्ची घातली नसती. १९७२ साली रंगमंचावर आलेलं तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' घ्या. या नाटकाचा आम्हांला आदर आहे, सेन्सॉरविरुद्धच्या त्याच्या लढाईचाही आहे. त्यात सखारामचा मित्र दाऊद गणपतीच्या आरतीला उभा राहतो. लक्ष्मी त्याला अडवते, आणि त्यावरून सखाराम तिला मारतो. लक्ष्मीच्या मनातला विटाळ तेंडुलकर उघडा पाडतात, ते त्यांनी उत्तमच केलं. पण त्या प्रसंगात दाऊदचं काम काय? सखाराम रूढी-बिढी मानत नाही, याची साक्ष देणं. पुढे चंपाचे दाऊदशी संबंध जुळतात, लक्ष्मी ते सखारामच्या कानावर घालते आणि सखाराम चंपाचा जीव घेतो. इथे दाऊद विश्वासघाताला धार आणायला लागतो. आधी प्रमाणपत्र, मग काडेपेटी. सखाराम, लक्ष्मी, चंपा या तिघांच्या मनाचे तळ लेखक ढवळून काढतो. दाऊदच्या मनात मात्र डोकावायची गरज त्याला वाटत नाही. आरतीतून हाकलल्यावर दाऊदला काय वाटलं? नाटक सखारामच्या घराबाहेर पडत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. तरी दाऊद तिथून कुठल्या घरी परतत असेल, हा प्रश्न आम्हांला छळतो.

चांगल्या मुसलमानाची गतही वेगळी नाही. तो ईदला शिरखुर्मा घेऊन येतो, शेजाऱ्याची मुलगी वाचवतो आणि दंगलीत मरतो. बाकीच्यांना शहाणपण यावं म्हणून त्यानं मरायचं! खलनायकाचा निदान राग तरी येतो.

दुसरी वाट नाही असं कुणी म्हणू नये. असगर वजाहत यांच्या 'जिस लाहौर नइ देख्या' या नाटकाला शफाअत खान यांनी 'राहिले दूर घर माझे' म्हणून मराठीत आणलं. त्यातला मौलवी फाळणीनंतरच्या लाहोरात एका हिंदू म्हातारीच्या धर्मपालनाच्या हक्कासाठी उभा राहतो आणि जिवाला मुकतो. मरतो तोही, पण मरण्याआधी वाद घालतो, आपला धर्म आपल्या शब्दांत मांडतो आणि गुंडांना तोंडावर सुनावतो. त्याच नाटकात मुसलमान गुंड आहे, शायर आहे, लखनौहून आलेलं निर्वासित कुटुंब आहे. सगळे मुसलमान, आणि एकासारखा दुसरा नाही.

आता थोडं घरचं. आम्ही मुस्लिम मराठी लेखक तरी दुसरं काय करतो? पुरोगामी वाचकाची शाबासकी हवी असते, म्हणून आमच्या एकांकिकांत बुरख्याआड रडणारी बायको, तलाक तोंडावर फेकणारा नवरा आणि पहिल्याच वाक्यात फतवा काढणारा मौलाना ठरलेला. असे नवरे आहेत, असे मौलाना आहेत, ते लपवायला आम्ही सांगत नाही. पण त्या मौलानाला मशिदीकडून महिन्याला किती मिळतात, त्याचं घरभाडं किती महिन्यांचं थकलंय, त्याची मुलगी एमपीएससीच्या क्लासला जाते तेव्हा तो तिला काय म्हणतो, हे आमच्यापैकी कुणी अजून लिहिलेलं निदान आमच्या वाचनात नाही.