‘ढ’ कोणी ठरविला?

वर्गात मागे पडलेल्या मुलाला ‘ढ’ म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ब्राह्मी लिपीपासून आजवर इतर अक्षरांची वळणे पालटली, ‘ढ’ मात्र जवळजवळ तसाच राहिला. म्हणून जो बदलत नाही तो ‘ढ’, अशी या शब्दाची उपपत्ती सांगतात. ती खरी असो वा नसो, तिच्यात एक संपूर्ण तत्त्वज्ञान दडलेले आहे. बुद्धी जन्मतः मोजून मिळते आणि ज्याला ती कमी मिळाली त्याच्यासाठी शाळेने करण्यासारखे फारसे उरत नाही, असे हे तत्त्वज्ञान. जातिव्यवस्थेने जे जन्माच्या नावाने सांगितले, तेच येथे बुद्धीच्या नावाने सांगितले जाते. म्हणूनच हा प्रश्न केवळ मानसशास्त्रज्ञांचा नाही. तो समाजवाद्यांचाही आहे.

बुद्धिमापनाची पहिली चाचणी आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये तयार केली, ती मागे पडणारी मुले हुडकून त्यांना विशेष शिक्षण देता यावे यासाठी. बुद्धी वाढूच शकत नाही, या समजुतीला त्यांचा विरोध होता. पुढे इतरांनी त्याच साधनाने माणसांची कायमची प्रतवारी लावली. अमेरिकेतील कॅरल ड्वेक यांनी अलीकडे बिने यांचा धागा पुन्हा उचलला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत ‘हुशार आहेस’ अशी शाबासकी मिळालेली मुले पुढे अवघड कोडी टाळू लागली. मेहनतीबद्दल शाबासकी मिळालेली मुले अवघडाकडे वळली. म्हणजे ‘हुशार’ हा शिक्काही निर्धोक नाही.

सराव, योग्य रीत आणि मदत यांनी बुद्धी वाढते, असे मानणारी वृत्ती वर्धिष्णू म्हणता येईल. वर्गात ती रुजविणे अवघड नाही. चुकलेले उत्तर पुसून न टाकता फळ्यावर राहू द्यावे आणि चूक नेमकी कोठे झाली ते सर्वांनी मिळून शोधावे. ‘तुला येत नाही’ याऐवजी ‘तुला अजून आलेले नाही’ म्हणावे आणि पुढची पायरी दाखवावी.

पण पायरी दाखविण्यासाठी मूल वर्गात हवे. चांदवड तालुक्याचेच उदाहरण घेऊ. उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत होते, काढणी मार्च-एप्रिलमध्ये. लावणी उक्ती घेतली की जितके हात अधिक तितकी कमाई अधिक. मजूर कुटुंबातील दहा-अकरा वर्षांची मुलगी मग वाफ्यात रोपे लावते, नाही तर बांधावर धाकट्या भावंडाला सांभाळते. तेवढ्या दिवसांत वर्गात भागाकार होऊन जातो. ती परतते तेव्हा अपूर्णांक चालू असतात. भागाकाराविना अपूर्णांक कळत नाहीत, उत्तरे चुकतात, ती मागे सरकते. आणि काढणी सुरू होते तेव्हा परीक्षा दाराशी आलेली असते. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर ही बुद्धीची तूट नव्हे, वेळेची तूट आहे. ती गरिबीतून आलेली असते. शाळा मात्र ती मुलीच्या खात्यावर मांडते.

म्हणून नव्या विचारातला एक धोकाही ओळखला पाहिजे. ‘मनात आणले की सर्व जमते’ असा उपदेश गरिबाच्या मुलाला करणे म्हणजे अपयशाचा दोष पुन्हा त्याच्याच माथी मारणे होय. ड्वेक यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या देशव्यापी प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. या विचाराच्या छोट्या पाठाने मागे पडलेल्या विद्यार्थ्यांचे गुण वाढले, पण थोडेच. २०२२ च्या विश्लेषणात असेही दिसले की, गणितातील सुधारणा शिक्षकालाही तो विचार पटलेला होता अशाच वर्गांत झाली. नुसते बी चांगले असून भागत नाही; वाफ्यात ओलही लागते.

ही ओल देण्याचे दायित्व शासनाचे आहे. मुलाची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा अध्यापन करणे, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाचे कर्तव्य ठरविले आहे. पण एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतील तर त्याने ते केव्हा करावे? उलट महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणून पुनर्परीक्षेतही न उतरणाऱ्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद केली. त्याच वर्षी कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागविले. नापास करणे स्वस्त आहे, शिकविणे महाग आहे. शासनाने स्वस्त मार्ग पत्करला.

जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हाच हिशेब मांडला होता : पैसा शेतकऱ्याचा, शिक्षण वरच्या वर्गाचे. त्यांच्या शाळेतील मुक्ता या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापला गेला. ज्यांना अक्षराचाही अधिकार नाकारला होता, त्यांच्यातील मुलीने थोड्याच वर्षांच्या शिक्षणानंतर धर्मव्यवस्थेलाच जाब विचारला. बुद्धी तिच्यापाशी होतीच. तिला शाळा मिळाली आणि विश्वास ठेवणारे शिक्षक मिळाले.

आपल्या कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तेथे मजूर पालक बसतील हे पाहावे. लावणी-काढणीच्या दिवसांतील गैरहजेरीची गावोगाव नोंद ठेवावी आणि बुडलेला अभ्यास भरून काढणारे वर्ग शासनाकडे मागावेत. ते मिळेपर्यंत समाजमंदिरात आपण चालवावेत. शिवाय, आईबापांच्या दोन हातांना पुरेशी मजुरी मिळाली, तर पोरीचे हात वाफ्यात लागणार नाहीत. म्हणून मजुरीच्या दराची लढाई ही शिक्षणाचीही लढाई आहे.