जातिवंत पिल्लालाही रेबीज होतो

लॅब्रॅडॉर किंवा पोमेरेनियनचे पिल्लू घरी येते, तेव्हा ते बहुधा दीड-दोन महिन्यांचे असते. मुले दिवसभर त्याच्याशी खेळतात, ते त्यांची बोटे चावते, हात ओरबाडते. रक्त आलेच तर हळद लावली जाते आणि विषय संपतो. रस्त्यावरचा कुत्रा चावला की लोक धावत सरकारी रुग्णालय गाठतात. घरच्या पिल्लाच्या ओरखड्यासाठी मात्र अनेकदा ते पिल्लू आजारी पडल्यावर किंवा मेल्यावरच येतात. ‘जातिवंत आहे, बाहेर जात नाही’ हे उत्तर ठरलेले. विषाणू वंशावळ विचारत नाही.

पिल्लाला रेबीजची लस साधारण ३ महिन्यांचे झाल्यावर देतात आणि तिचा परिणाम व्हायला आणखी काही आठवडे लागतात. म्हणजे दात शिवशिवत असतात, मुलांशी सर्वाधिक झोंबाझोंबी चालते, नेमका तोच काळ बिनसंरक्षणाचा. आधी ते कोणत्या कुत्र्यांजवळ होते, हे नव्या मालकाला ठाऊक नसते. संसर्गानंतर लक्षणे दिसायला काही आठवडे, कधी महिनेही जातात. शिवाय रेबीज झालेले पिल्लू दरवेळी अंगावर धावून येतेच असे नाही. ते कोपऱ्यात गप्प पडते, लाळ गाळते, त्याला गिळता येत नाही. घशात हाड अडकले असे समजून माणसे त्याच्या तोंडात हात घालतात. रेबीजची लक्षणे एकदा माणसात दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो.

म्हणून चावा किंवा ओरखडा बसताच जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जावे. पोटात १४ इंजेक्शने घेण्याचे दिवस केव्हाच गेले, तरी ती धास्ती अजून घराघरांत आहे. आता कातडीत द्यायची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. पिल्लू १० दिवस ठणठणीत राहिले, तर पुढचे डोस घ्यायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील. पण त्यासाठी वाट पाहत पहिला डोस लांबवू नये.

खबरदारी खरेदीपासूनच घेता येते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला नोंदणी बंधनकारक आहे आणि ८ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. तरीही डोळे जेमतेम उघडलेली पिल्ले खोक्यातून विकली जातात. पिल्लाची आई पाहायला मागावी. दाखवायला कोणी टाळाटाळ करत असेल तर व्यवहार सोडून द्यावा. केनेल क्लबच्या कागदावरून वंश कळतो, प्रकृती नाही. चपट्या नाकाच्या पगला विदर्भातल्या उन्हात धाप लागणारच, आणि हस्कीसाठी चोवीस तास एसी लावणे ही हौस नव्हे, त्या जिवावरचा अन्याय आहे. आपल्याच मुलखातला कारवान याच हवेत वाढलेला आहे. त्याला पळायला मोकळी जागा हवी, एवढेच.

पार्व्होची लस दीड-दोन महिन्यांपासून सुरू करून दर ३-४ आठवड्यांनी, पिल्लू ४ महिन्यांचे होईपर्यंत द्यावी लागते. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीच्या आड येते, म्हणून एक डोस पुरत नाही. तोवर इतर कुत्री फिरतात तिथे त्याला सोडू नये. जंतांचे औषधही पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळच्या वेळी द्यावे, कारण कुत्र्याचे गोल कृमी आईच्या पोटातच पिल्लात शिरतात. त्यांची अंडी मातीतून मुलांच्या तोंडात गेली, तर अळ्या क्वचित डोळ्यापर्यंत पोचतात आणि नजर जाऊ शकते.

पुण्या-मुंबईत कुत्रा पाळण्याच्या परवान्यासाठी महापालिका रेबीज लसीचा दाखला मागते. तो दाखला मिळेपर्यंत पिल्लू घरात रुळलेले असते आणि मुलांना चार-दोन ओरखडे बसून गेलेले असतात. त्यामुळे पिल्लासोबत लसीचे कार्ड आणि चावल्यास काय करावे याची मराठीतली छापील सूचना देणे विक्रेत्यावर बंधनकारक करायला हवे. त्याला फार पैसे लागणार नाहीत.