डेंग्यू : काउंट नको, लघवी किती झाली ते सांगा

पावसाळा सरत आला की रात्री अकरानंतर माझा मोबाईल एकाच प्रश्नासाठी वाजतो. "डॉक्टर, काउंट चाळीस हजारांवर आलाय, प्लेटलेट कधी चढवायच्या?" पेशंटला उलट्या होताहेत का, पोट दुखतंय का, सकाळपासून लघवी किती झाली, हे कोणी सांगत नाही. रिपोर्टवर ते छापून येत नाही ना!

आज थोडं कडू लिहिणार आहे आणि त्यात आम्हा डॉक्टरांनाही सोडणार नाही.

डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा प्लेटलेट कमी झाल्यामुळे नव्हे. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती गळू लागतात आणि रक्तातला द्रव, म्हणजे प्लाझ्मा, पोटात आणि छातीत झिरपतो. रक्त दाट होतं, नाडी जलद आणि बारीक होते, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते आणि वेळीच सलाईन मिळालं नाही तर पेशंट शॉकमध्ये जातो. मोठा रक्तस्राव होतो तोही बहुधा अशा लांबलेल्या शॉकनंतरच. हा धोक्याचा काळ साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरताना येतो आणि 24 ते 48 तास टिकतो. म्हणजे घरचे "ताप गेला बुवा एकदाचा" म्हणतात, नेमका तेव्हा.

आता प्लेटलेटकडे येऊ. सिंगापूर आणि मलेशियातल्या पाच रुग्णालयांत यावर रीतसर चाचणी झाली. 2017 साली ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. दाखल असलेले 372 प्रौढ रुग्ण, सगळ्यांचा काउंट 20,000 किंवा त्याहून कमी, पण मोठा रक्तस्राव नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला प्लेटलेट आणि नेहमीची काळजी, दुसऱ्याला फक्त नेहमीची काळजी. सातव्या दिवसापर्यंत रक्तस्राव झाला पहिल्या गटात 21 टक्के लोकांना, दुसऱ्यात 26 टक्के. हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो इतका लहान होता. उलट त्रास मात्र प्लेटलेट घेणाऱ्यांत जास्त झाला : 13 जणांना, आणि न घेणाऱ्यांत दोघांना. त्यात तीव्र ॲलर्जी होती, फुप्फुसाला इजाही होती. लक्षात घ्या, हे वीस हजारांखालचे पेशंट होते. आपल्याकडे चाळीस-पन्नास हजारांवर धावपळ सुरू होते, व्हॉट्सॲपवर रक्तदाते शोधले जातात आणि एकेका पिशवीसाठी दहा हजारांच्या घरात पैसे मोजले जातात.

"पण माझ्या भावाचा काउंट प्लेटलेट दिल्यावर वाढला!" वाढणारच. ताप उतरल्यावर दोन-तीन दिवसांत तो बहुतेकांचा आपोआप वाढतो. पपईच्या पानांच्या रसाचं श्रेयही असंच उधारीचं आहे. तुलनेला दुसरा गट नसेल तर शेजारणीने दिलेला अंगाराही गुणकारी ठरतो.

मग आम्ही डॉक्टर प्लेटलेट देतोच कशाला? भीतीपोटी. नातेवाईक म्हणतात, "काही झालं तर जबाबदार कोण?" आणि पिशवी लावली की सगळे शांत होतात. पैसाही आहे, नाही कसं म्हणू? पण पिशवी लावलेल्या पेशंटचा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्ताचा दाटपणा, कोणी पाहत नाही, याचा मला जास्त राग येतो. सत्तावीस वर्षांचा एक तरुण माझ्याकडे दुसरीकडून आला होता. प्लेटलेट 62,000, म्हणून सगळे निर्धास्त. हिमॅटोक्रिट मात्र दीड दिवसात 41 वरून 53 वर गेला होता. तो आकडा त्याच कागदावर, दोन ओळी वर छापलेला होता. कोणी वाचलाच नव्हता. तो वाचला, पण तीन दिवस आयसीयूत काढून.

व्हिएतनाममध्ये डेंग्यू शॉकच्या 512 मुलांवर झालेला अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. प्रश्न साधा होता : कोणतं सलाईन द्यावं? मध्यम शॉकला साधं, स्वस्त रिंगर लॅक्टेट पुरलं. 512 पैकी दगावलं एक मूल. काय दिलं यापेक्षा किती बारकाईने लक्ष ठेवलं, याचं हे फळ आहे असं माझं मत. दर पावसाळ्यात आपले वॉर्ड डेंग्यूने भरतात, पण डिस्चार्ज झाला की केसपेपर गठ्ठ्यात जातो. कोणाला कोणती गुंतागुंत झाली, कधी झाली, आधी काय दिसलं होतं, हे मोजायला फार थोडे जण बसतात.

प्लेटलेट कधीच नको असं मी म्हणत नाही. मोठा रक्तस्राव सुरू असेल तर द्याव्याच लागतात आणि काउंट 10,000 च्या खाली गेला तर डॉक्टर तसा विचार करतात.

तुम्ही मात्र एवढं पाहा : पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, विलक्षण मरगळ किंवा तगमग, सहा तासांत लघवीच नाही. यातलं काहीही दिसलं तर काउंट लाखभर असला तरी लगेच दवाखाना गाठा. तापाला पॅरासिटामॉलच घ्या. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको. आणि रात्री अकरानंतर मला फोन करायचाच झाला तर हे सगळं बघून करा. काउंट मी शेवटी विचारीन.