‘झेड’ अक्षराखालचे दप्तर

कार्यभार सोपवताना आपण कपाटांच्या किल्ल्या, प्रलंबित नस्त्या आणि जडवस्तूंची यादी देतो-घेतो, त्यावर सह्या करतो. पण संगणक प्रणालीत आपल्या कार्यालयाने स्वतःसाठी काय काय बांधून घेतले आहे, याची यादी मी आजवर एकाही हस्तांतरण-अहवालात पाहिलेली नाही.

देशातील अनेक सार्वजनिक उपक्रमांचे हिशेब, भांडार आणि वेतन ‘सॅप’सारख्या ईआरपी प्रणालीवर चालते. तयार प्रणाली आपल्या नियमांत तंतोतंत बसत नाही, म्हणून प्रत्येक उपक्रम तिच्यात स्वतःचे तक्ते, अहवाल आणि प्रोग्रॅम घालून घेतो. सॅपमध्ये अशा वस्तूंसाठी झेड व वाय ही आद्याक्षरे ग्राहकांकरिता राखून ठेवली आहेत. ‘टॅडिर’ नावाच्या तक्त्यात प्रत्येक वस्तूचा प्रकार, नाव, संच आणि जबाबदार व्यक्ती यांची नोंद असते. म्हणजे शोध मुळात अवघड नाही. झेड आणि वायने सुरू होणाऱ्या नोंदी काढल्या की मोठा भाग हाती लागतो.

मोठा भाग, पण सर्व नव्हे. कंपनीच्या मूळ प्रोग्रॅममध्ये केलेला फेरफार झेडच्या यादीत येत नाही. त्याची नोंद वेगळ्या ठिकाणी असते. काही पुरवठादार स्वतःचे नोंदणीकृत नामक्षेत्र वापरतात. ‘ओडू’ या मुक्तस्रोत प्रणालीतही तसेच आहे. पडद्यावरून जोडलेल्या क्षेत्रांची नावे ‘एक्स’ व अधोरेषेने सुरू होतात, पण विकासकाने स्वतंत्र मोड्यूल लिहून जोडलेली क्षेत्रे त्या खुणेने सापडत नाहीत. नावावरून शोधणे ही सुरुवात आहे, शेवट नव्हे.

वस्तू सापडली तरी खरा प्रश्न पुढेच असतो : ती कशासाठी आहे? १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा जुन्या मूल्यवर्धित कराचे कित्येक अहवाल निरुपयोगी झाले. ते काढावेत, तर त्यांतील एखादा जुन्या निर्धारणाच्या अपिलासाठी अजून लागत असेल. वापराची नोंद पाहून ठरवावे, तर ती दोन-तीन महिन्यांचीच असली की वर्षातून एकदा, लेखाबंदीच्या वेळी चालणारा प्रोग्रॅम मृत समजला जातो. म्हणून अशी नोंद निदान एक पूर्ण आर्थिक वर्ष ठेवली पाहिजे.

हे काम आता टाळता येण्यासारखे नाही. सॅप ईसीसी ६च्या अखेरच्या आवृत्त्यांची सर्वसाधारण देखभाल २०२७च्या अखेरीपर्यंतच आहे. नव्या एस/४ हाना प्रणालीत वस्तुक्रमांकाची कमाल लांबी १८ वरून ४० अक्षरे झाली आहे. १८ अक्षरे गृहीत धरून लिहिलेला प्रत्येक झेड-प्रोग्रॅम तपासावा लागेल. ज्याला आपली यादी ठाऊक नाही, तो निविदेत कामाचे परिमाण काय लिहिणार? तो आकडा मग पुरवठादारच सांगतो आणि आपण मान्य करतो.

माझ्या मते झेड-प्रोग्रॅम ही केवळ तांत्रिक बाब नाही. भत्ता कोणाला द्यावा, दंड कधी आकारावा, हे त्यात लिहिलेले असते. तो आज्ञावलीच्या भाषेतला कार्यालयीन आदेशच आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ प्रमाणे अभिलेख सूचीबद्ध ठेवणे हे आपले कर्तव्य आहे. तोच न्याय येथेही लावावा.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक वस्तूसमोर चार रकाने असावेत : कोणत्या आदेशान्वये, कोणत्या शाखेच्या मागणीवरून, शेवटचा वापर केव्हा, आणि पुनर्विलोकन कधी. ही नोंदवही पुरवठादाराकडे नव्हे, शाखाधिकाऱ्याच्या सहीने कार्यालयात राहावी आणि कार्यभारासोबत हाती यावी. आदेश कोणी काढला हे कार्यालयाला सांगता येत नसेल, तर त्या आदेशाची जबाबदारी कोण घेणार?